लिंक म्हणजे काय? लिंकचा अर्थ, रोजचा वापर आणि दाबण्याआधी काय बघायचं



"ती लिंक पाठव ना", "आधार लिंक केलंस का?", "बँकेत आज लिंक नाहीये", "सी लिंकवरून जाऊ". ही चारही वाक्यं आपण सहज बोलून जातो. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे.

हा फरक फक्त इंग्रजीच्या पेपरापुरता असता तर हा लेख दोन ओळींत संपला असता. पण "आधार लिंक करण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा, नाहीतर तुमचा हप्ता बंद होईल" असा मेसेज घरात कोणाला तरी येतोच. त्या एका वाक्यात लिंक हा शब्द दोनदा आलाय, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा आहे. फसवणारे याच गोंधळाचा फायदा घेतात. म्हणून आज आपण लिंक शब्दाचा अर्थ, त्याचा मराठीतला वापर, इंटरनेटवरची लिंक नेमकी काय असते, तिचा पत्ता कसा वाचायचा आणि चुकून दाबली गेली तर काय करायचं हे सगळं बघणार आहोत.

एक सूचना आधीच देतो. या लेखात वेबसाइटचे पत्ते मी मराठी अक्षरांत लिहिले आहेत. फोनवर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील. इथे कुठलाही पत्ता दाबायचा नाही, फक्त वाचायला शिकायचं आहे.

लिंक शब्दाचा मूळ अर्थ

लिंक हा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा जुना अर्थ आहे साखळीतली एक कडी. एक कडी दुसरीत अडकते, दुसरी तिसरीत, आणि साखळी तयार होते. यावरूनच पुढे "दोन गोष्टींना जोडणारी गोष्ट" असा अर्थ आला.

जमीन मोजणीतही ही कडी भेटते. इंग्रजांची गंटर साखळी ६६ फुटांची असायची आणि तिच्यात १०० लिंक असायच्या. म्हणजे एक लिंक साधारण ७.९२ इंचांची. आपल्याकडे याच्या बरोबर निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी चालायची. ३३ गुणिले ३३ केलं की १,०८९ चौरस फूट येतात, आणि तेवढाच आपला एक गुंठा. म्हणजे मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून लिंक हा शब्द कामाला होता.

इंग्रजीत लिंक हे नाम आहे आणि क्रियापदही. नाम म्हणून वापरला तर अर्थ होतो दुवा, कडी, संबंध. क्रियापद म्हणून वापरला तर जोडणे, संबंध लावणे. "लिंक बिटवीन" म्हटलं की दोन गोष्टींमधला संबंध, आणि "लिंक टू" म्हटलं की एखाद्या ठिकाणाकडे नेणारी जोडणी.

मराठीत लिंकसाठी सगळ्यात जवळचा शब्द आहे दुवा. मराठी विकिपीडियावर लेखाच्या शेवटी "बाह्य दुवे" असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, तेच हे. गंमत म्हणजे मराठीत आणखी एक दुवा आहे, "गरिबाचा दुवा घे" मधला, ज्याचा अर्थ आशीर्वाद. तो अरबीतून आलाय, त्याचा लिंकशी संबंध नाही. बोलताना मात्र "दुवा पाठव" असं फारसं कोणी म्हणत नाही, "लिंक पाठव" असंच म्हणतो. मराठीत आपण लिंक स्त्रीलिंगी करून टाकली आहे. ती लिंक, माझी लिंक, लिंक उघडली. अनेकवचन करताना कोणी "लिंक्स" म्हणतं, तर कोणी "सगळ्या लिंक".

रोजच्या मराठीत लिंक कुठे कुठे येते?

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारून बघा: इथे कोण कोणाला जोडलंय?

१. लिंक लागणे, लिंक तुटणे. "सरांचं बोलणं चालू होतं, पण मध्येच फोन वाजला आणि लिंक तुटली." "पिक्चरची पहिली वीस मिनिटं चुकली, त्यामुळे लिंकच लागेना." इथे आधीचा विचार आणि पुढचा विचार जोडलेले आहेत. मराठीत यालाच आपण संगती किंवा धागा म्हणतो.

२. बँकेतली लिंक. "आज लिंक नाही, उद्या या." गावाकडच्या शाखेत हे वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलंय. बँकेचे सगळे हिशेब आता मध्यवर्ती सर्व्हरवर असतात. शाखेतला कॉम्प्युटर आणि तो सर्व्हर यांना जोडणारी लाइन बंद पडली की त्याला "लिंक नाही" म्हणतात. तुमच्या खात्याला किंवा पैशाला काही झालेलं नसतं.

३. रस्ते आणि पूल. वांद्रे-वरळी सी लिंक ३० जून २००९ रोजी सुरू झाला. शिवडी आणि न्हावा शेवा यांना जोडणारा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्याचं आधीचं नाव मुंबई ट्रान्स हार्बर लिंक. मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव हा "मिसिंग लिंक" प्रकल्प आहे. या सगळ्यांत दोन ठिकाणं जोडली आहेत.

४. कागदपत्रं लिंक करणे. आधार-पॅन, आधार-बँक, मोबाईल-आधार. इथे तुमच्या नावाच्या दोन नोंदी एकमेकींना जोडल्या जातात.

५. इंटरनेटवरची लिंक. "रिझल्टची लिंक टाक", "लिंक बायोमध्ये आहे". इथे तुम्ही जे दाबता ते आणि जे उघडतं ते पान, ही दोन टोकं.

६. डिव्हाइस लिंक करणे. व्हॉट्सॲप लॅपटॉपवर चालू करणे, फोन टीव्हीला जोडणे वगैरे.

लिंक आणि कनेक्शन यांत फरक काय, असंही बरेच जण विचारतात. इंग्रजीत दोन्ही शब्द जवळचे आहेत, पण मराठीत आपण त्यांची वाटणी करून टाकली आहे. ज्यातून काहीतरी सतत वाहतं त्याला आपण कनेक्शन म्हणतो: गॅस कनेक्शन, लाईटचं कनेक्शन, नळाचं कनेक्शन, नेटचं कनेक्शन. एका गोष्टीवरून दुसरीकडे पोहोचवते ती लिंक.

इंटरनेटवर लिंक आली कुठून?

एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारता आली पाहिजे ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. टेड नेल्सन या अमेरिकन माणसाने १९६५ मध्ये अशा मजकुराला "हायपरटेक्स्ट" हे नाव दिलं. म्हणून वेबवरच्या लिंकचं पूर्ण नाव आहे हायपरलिंक.

पुढे मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत एक प्रस्ताव मांडला. सर्न ही स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा. तिथे हजारो शास्त्रज्ञ, वेगवेगळे कॉम्प्युटर आणि माहिती सगळीकडे विखुरलेली. ती एकमेकींना लिंकने जोडावी हा त्यांचा विचार. त्यातून वर्ल्ड वाइड वेब उभं राहिलं आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ते बाहेरच्या लोकांसाठी जाहीर झालं.

वेबवरच्या लिंकला दोन भाग असतात. एक, तुम्हाला दिसणारा मजकूर, चित्र किंवा बटण. दोन, त्याच्या मागे लपलेला पत्ता. वेबपानाच्या कोडमध्ये हे दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असतात आणि ते एकमेकांशी जुळलेच पाहिजेत असं कुठलंही बंधन नाही. वर "तुमचा निकाल इथे पहा" लिहून मागे जाहिरातीचा पत्ता ठेवता येतो. वर एका बँकेचा पत्ता दाखवून मागे भलताच पत्ताही ठेवता येतो. ही काही बिघाडाची गोष्ट नाही, लिंकची रचनाच तशी आहे.

फरक कुठे पडतो ते लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपच्या साध्या मेसेजमध्ये पत्ता उघड दिसतो. त्याच्यासोबत येणारं चित्र आणि शीर्षक मात्र समोरच्या वेबसाइटने ठरवलेलं असतं, त्यामुळे तिथे सरकारी बोधचिन्ह दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. ईमेल, टेलिग्राम आणि वेबसाइटवरची बटणं यांत पत्ता मजकुरामागे झाकलेला असू शकतो. क्रोममध्ये लिंकवर बोट दाबून ठेवलं की ती न उघडता पत्ता दिसतो. ही एक सवय लावून घ्या.

लिंकचा पत्ता कसा वाचायचा?

पत्त्याला यूआरएल म्हणतात. तो लांबलचक दिसला तरी आपल्याला त्यातला एकच तुकडा तपासायचा असतो. पद्धत अशी:

पहिली पायरी: "एचटीटीपीएस" आणि त्यानंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या.

दुसरी पायरी: तिथून पुढे पहिली एकटी तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या. त्याच्या पुढचं सगळं सध्या विसरा.

तिसरी पायरी: हा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. आपण पाकिटावरचा पत्ता शोधताना आधी जिल्हा बघतो, मग तालुका, मग गाव, आणि घर शेवटी. तसंच.

उदाहरण घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची अधिकृत वेबसाइट आहे लाडकीबहीण.महाराष्ट्र.जीओव्ही.इन. उजवीकडून वाचा. "इन" म्हणजे भारत. "जीओव्ही.इन" म्हणजे भारतातली सरकारी वेबसाइट, हा शेवट खासगी माणसाला विकत मिळत नाही. त्याच्या डावीकडे "महाराष्ट्र", म्हणजे आपलं राज्य सरकार. आणि सगळ्यात डावीकडे योजनेचं नाव. साखळी बरोबर जुळली.

आता हा बनवलेला पत्ता बघा: लाडकीबहीण.महाराष्ट्र.जीओव्ही.इन.हप्ता-तपासा.कॉम. डावीकडून वाचलं तर सगळं खरं वाटतं. उजवीकडून वाचलं की "कॉम" आणि त्याच्या शेजारी "हप्ता-तपासा". म्हणजे या पत्त्याचा मालक आहे हप्ता-तपासा.कॉम. त्याच्या डावीकडे काय लिहायचं हे तो मालक स्वतः ठरवतो. तिथे तो "महाराष्ट्र" लिहील, "पोलीस" लिहील, तुमच्या बँकेचं नावही लिहील. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी काही खुणा:

टिंब आणि आडवी रेघ यांत फरक आहे. "जीओव्ही.इन" सरकारी आहे, "जीओव्ही-इन.कॉम" कोणाचंही असू शकतं.

पत्त्याच्या मालकाच्या भागात "ॲट" ची खूण, म्हणजे ईमेलमध्ये असते ती, दिसली तर तिच्या डावीकडचं नाव ब्राउझर जागा म्हणून धरतच नाही. खरी जागा उजवीकडे असते.

इंग्रजीत "आर" आणि "एन" ही छोटी अक्षरं शेजारी लिहिली की "एम" सारखी दिसतात. शून्य आणि "ओ", तसंच छोटा "एल" आणि मोठा "आय" यांचंही तेच. मोबाईलच्या लहान स्क्रीनवर हे सहज निसटतं.

बँकांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपले पत्ते "बँक.इन" या शेवटाकडे न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. उदाहरणार्थ स्टेट बँकेचा पत्ता एसबीआय.बँक.इन असा आहे. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट वेगळा असेल तर ती बंद करा आणि बँकेचं ॲप स्वतः उघडून बघा.

"कुलूप दिसतंय, म्हणजे सुरक्षित" हा समज मात्र सोडून द्या. एचटीटीपीएस म्हणजे तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच. समोरचा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. भामट्याच्या वेबसाइटलाही एचटीटीपीएस असतं. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्ह काढून दुसरं चिन्ह आणलं.

लिंकचे प्रकार: कुठली लिंक काय करते?

छोटी लिंक. लांब पत्ता छोटा करून देणाऱ्या सेवा असतात, बिट.एलवाय ही त्यातली प्रसिद्ध. यात खरा पत्ता झाकला जातो. बिट.एलवायच्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह लावून उघडली तर ती आधी कुठे नेणार आहे हे दाखवते.

ॲप उघडणारी लिंक. काही लिंक ब्राउझरऐवजी थेट ॲप उघडतात. यूपीआयची पेमेंट लिंक अशीच. ती दाबली की पेमेंट ॲप उघडतं, समोरच्याचं नाव आणि रक्कम आधीच भरलेली असते, आणि आपल्याकडे पिन मागितला जातो. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पाच हजार मिळवण्यासाठी पिन टाका" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

शेअरिंग लिंक. गूगल ड्राइव्हवर फाइल ठेवून आपण "लिंक असलेल्या कोणालाही" असा पर्याय निवडतो. तो शब्दशः घ्या. लिंक मित्राला दिली, मित्राने ग्रुपवर टाकली, ग्रुपमधल्या कोणीतरी पुढे पाठवली, तर त्या सगळ्यांना फाइल दिसते. कॉलेजच्या ॲडमिशनसाठी बरेच जण मार्कशीट, आधार, जातीचा दाखला एकाच फोल्डरमध्ये टाकून अशी लिंक देतात. काम झालं की तो पर्याय बदलून "रिस्ट्रिक्टेड" करा.

ग्रुपची इन्व्हाइट लिंक. व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक ज्याच्या हातात पडेल तो आत येण्याचा प्रयत्न करू शकतो. ती चुकीच्या ठिकाणी गेली तर ॲडमिनला ती रिसेट करता येते, मग जुनी लिंक चालत नाही.

चॅटची लिंक. छोटा धंदा असणाऱ्यांसाठी ही कामाची. डब्ल्यूए.एमई, मग तिरपी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये कुठलंही चिन्ह किंवा जागा न सोडता. ती दाबली की समोरच्याला तुमचा नंबर सेव्ह न करता थेट चॅट उघडता येतो.

क्यूआर कोड. चौकोनी ठिपक्यांच्या या चित्रात बऱ्याचदा एक लिंकच असते. कॅमेऱ्याने स्कॅन केल्यावर उघडण्याआधी पत्ता दिसतो. तो वरच्याच पद्धतीने वाचा.

एपीके फाइल. ही लिंक नव्हे, पण लिंकसारखीच पाठवली जाते. "आरटीओ चलन", "लग्नपत्रिका", "पीएम किसान" अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. एपीके म्हणजे ॲन्ड्रॉइडचं ॲप. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. अशा ॲपला तुम्ही एसएमएस वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी तिकडे जातात.

आधार लिंक आणि वेबची लिंक: खरा गोंधळ इथे आहे

आता सुरुवातीच्या त्या मेसेजकडे येऊ. "आधार लिंक करण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा." पहिली लिंक म्हणजे दोन सरकारी किंवा बँकेच्या नोंदी जोडणं. दुसरी लिंक म्हणजे वेबचा पत्ता. एकाच शब्दामुळे असं वाटतं की दुसरी दाबली की पहिली होऊन जाईल. तसं होत नाही. नोंद जोडायची तर ती ज्याच्याकडे आहे त्याच्याच दारातून जोडावी लागते.

त्यात "आधार लिंक आहे" या वाक्याचेही तीन वेगळे अर्थ होतात:

आधारला मोबाईल लिंक. तुमचा मोबाईल नंबर आधारच्या नोंदीत आहे, म्हणून ओटीपी येतो. पहिल्यांदा नंबर आधार केंद्रात जाऊन जोडता येतो.

आधारला पॅन लिंक. हे आयकर विभागाच्या वेबसाइटवर होतं, पत्ता इन्कमटॅक्स.जीओव्ही.इन. लिंक झालंय का हे तिथे लॉगिन न करताही बघता येतं. ज्यांना लिंक करणं बंधनकारक होतं आणि ज्यांनी ३० जून २०२३ पर्यंत केलं नाही, त्यांचं पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरलं गेलं. उशिरा करणाऱ्यांना १,००० रुपये भरावे लागतात.

आधारला बँक खातं लिंक. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण यातही दोन गोष्टी आहेत. खातं उघडताना केवायसीसाठी तुम्ही आधार दिलं, ते बँकेच्या नोंदीत गेलं, ही एक. आणि सरकारी पैसे कुठे पाठवायचे यासाठी एनपीसीआयकडे एक यादी असते, तिच्यात तुमच्या आधारसमोर एका बँकेचं नाव असतं, ही दुसरी. या दुसऱ्या जोडणीला आधार सीडिंग म्हणतात. तुमची पाच बँकांत खाती असली आणि पाचही ठिकाणी आधार दिलेलं असलं, तरी सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं. शेवटी जिथे केलं ती बँक.

हे कळलं नाही की काय होतं ते जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाल्यावर घरोघरी दिसलं. महिन्याला १,५०० रुपये आधारच्या आधारे थेट खात्यात यायचे होते. माझ्या मावशीने फॉर्ममध्ये नेहमीच्या बँकेचं खातं लिहिलं होतं. पासबुक भरून आणलं तर पैसे नाहीत. बँकेत विचारलं तर "तुमचं आधार लिंक आहे" असं उत्तर, आणि ते खोटंही नव्हतं, केवायसीला आधार होतंच. आधारच्या वेबसाइटवर सीडिंग तपासलं तेव्हा कळलं की कधीकाळी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेचं नाव तिथे आहे. हप्ते त्या विसरलेल्या खात्यात नीट जमा होत होते.

तुम्हाला घरच्यांसाठी हे बघायचं असेल तर मायआधार.यूआयडीएआय.जीओव्ही.इन या पत्त्यावर आधार नंबर आणि ओटीपीने लॉगिन करा आणि "बँक सीडिंग स्टेटस" बघा. बँक बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन "आधार सीडिंग, डीबीटीसाठी" असं स्पष्ट सांगा आणि संमतीचा फॉर्म भरा. नुसतं "आधार लिंक करा" म्हणालात तर समोरचा केवायसी समजू शकतो.

ज्यांना हा फरक सांगायला घरात कोणी नसतं, त्या बायका हप्ता अडकला की घाबरतात. नेमक्या त्याच वेळी "हप्ता मिळवण्यासाठी लिंक दाबा" असा मेसेज आला तर हात पुढे जातोच. म्हणून हे काम आपल्यासारख्या, फोन रोज हाताळणाऱ्यांनी करायचं आहे.

व्हॉट्सॲपची लिंक केलेली डिव्हाइस

व्हॉट्सॲप एका फोनशिवाय आणखी चार डिव्हाइसवर चालवता येतं. यासाठी क्यूआर कोड स्कॅन करतात किंवा आठ अक्षरांचा कोड टाकतात. हा कोड कोणी फसवून तुमच्याकडून टाकून घेतला तर त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप उघडतं, तुमच्या फोनवर मात्र सगळं नेहमीसारखंच चालू राहतं. आत्ताच व्हॉट्सॲपच्या मेन्यूमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून बघा. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर त्यावर दाबून लॉगआउट करा. सायबर कॅफे किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये उघडलेलं व्हॉट्सॲपही इथूनच बंद होतं.

चुकून लिंक दाबली, आता काय?

घाबरू नका. नुसतं पान उघडल्याने बहुतेक वेळा पैसे जात नाहीत. समोरच्याला तुमचा आयपी पत्ता, फोनचा प्रकार, वेळ असं काही कळतं. नुकसान होतं ते पुढच्या पायरीवर: माहिती भरली, ॲप टाकलं, परवानगी दिली किंवा पिन टाकला तर. म्हणून कुठपर्यंत गेलात ते आधी आठवा.

फक्त पान उघडलं असेल: पान बंद करा. काही डाउनलोड झालंय का बघा, झालं असेल तर न उघडता डिलीट करा.

पासवर्ड टाकला असेल: खरी वेबसाइट किंवा ॲप स्वतः उघडून पासवर्ड लगेच बदला. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला.

एपीके इन्स्टॉल केलं असेल: आधी फोनचं नेट बंद करा, ते ॲप काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवायला सांगा.

पैसे गेले असतील: लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबरक्राइम.जीओव्ही.इन वर तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकवले जातात. ते काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तर मधल्या खात्यात अडवता येतात. त्यामुळे "उद्या बघू" म्हणू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीने माहिती गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

आणि घरातल्या कोणाकडून हे झालं असेल तर आधी ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने लोक तास-तास गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे पुढे गेलेले असतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिंक आणि यूआरएल एकच का? बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. नेमकं सांगायचं तर यूआरएल म्हणजे पत्ता आणि लिंक म्हणजे त्या पत्त्याकडे नेणारी, दाबता येणारी गोष्ट. कागदावर लिहिलेला पत्ता यूआरएल आहे, पण तो दाबता येत नाही.

इन्स्टाग्रामवर "लिंक बायोमध्ये" का लिहितात? कारण पोस्टखालच्या मजकुरात टाकलेला पत्ता दाबता येत नाही. प्रोफाइलच्या बायोमध्ये मात्र येतो.

लिंक उघडली तर ४०४ दिसतं, का? सर्व्हर सापडला, पण ते पान तिथे नाही. पान काढलं असेल, हलवलं असेल किंवा कॉपी करताना पत्ता अर्धवट आला असेल. जुनं पान हवं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तो पत्ता टाकून बघा.

एसएमएसमध्ये आलेली लिंक खरी कशी ओळखायची? दूरसंचार नियामक ट्रायने १ ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांच्या एसएमएसमध्ये फक्त आधी नोंदवलेल्याच लिंक चालतील असा नियम केला. पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता एक अक्षरही असतं: "जी" म्हणजे सरकारी, "टी" म्हणजे व्यवहाराचा, "एस" म्हणजे सेवेचा आणि "पी" म्हणजे जाहिरातीचा मेसेज. साध्या दहा आकडी नंबरवरून "तुमचं वीज बिल थकलंय" म्हणत लिंक आली तर ती दाबू नका.

चलन खरं आहे का कसं बघायचं? मेसेजमधली लिंक सोडा. महाट्रॅफिकईचलन.जीओव्ही.इन किंवा ईचलन.परिवहन.जीओव्ही.इन हा पत्ता स्वतः टाइप करून गाडीचा नंबर टाका.

तर मित्रांनो, लिंक दाबण्याआधी तिचं दुसरं टोक कुठे आहे ते उजवीकडून वाचून घ्या. आज एवढं करा: घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर "सायबर मदत" नावाने सेव्ह करून द्या, त्यांचं आधार सीडिंग बघा आणि व्हॉट्सॲपची लिंक्ड डिव्हाइसेस तपासा. हा लेख घरच्या ग्रुपवर पाठवायचा असेल तर तोही लिंकनेच पाठवाल. आईने किंवा काकांनी तो उघडण्याआधी "ही लिंक कुठली आहे रे?" असं विचारलं, तर त्यांना तिथेच तो पत्ता उजवीकडून वाचून दाखवा.